फोटो पाठवला की गणित सुटतं, पेपरात मात्र सुटत नाही

प्रश्न (नाव-गाव काढून, पत्र थोडं आटोपशीर करून): मी बारावी सायन्सला आहे, तालुक्याच्या गावी. दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियम, दहावीला ९३ टक्के. अकरावीपासून सगळं इंग्लिशमधून सुरू झालं. कॅल्क्युलस आणि फिजिक्सची होमवर्कची गणितं मला जमत नाहीत म्हणून मी चुलत दादाला फोटो पाठवते, तो इंजिनिअर आहे, चाकणला कंपनीत आहे, रात्री सोडवून पाठवतो. वाचलं की सगळं कळतं. पण युनिट टेस्टला मॅथ्सला २५ पैकी ८ आणि फिजिक्सला ११ मिळाले. आता दादाही वैतागलाय, दोन-दोन दिवस मेसेज उघडत नाही, म्हणून मी एआय ॲपवर फोटो टाकायला लागले, ते लगेच उत्तर देतं. मैत्रीण म्हणते ही चीटिंग आहे. पप्पा म्हणतात लातूरला क्लास लावू, पण त्यासाठी ते उसने पैसे घेतील आणि मला ते नकोय. मला वाटतं मी हुशार नव्हतेच, दहावीचे मार्क पाठांतराचे होते. मॅथ्सचा नाद सोडून बायोवर लक्ष द्यावं का?

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रात चीटिंग आहे, पप्पांचे पैसे आहेत, बायो आहे, पण मी अडकले ती एका साध्या वाक्यापाशी. 'वाचलं की सगळं कळतं.' तू ते असं लिहिलंयस की जणू तेवढा भाग ठीक आहे आणि गडबड त्याच्यानंतर कुठेतरी पेपरात होते. मला वाटतं गडबड तिथेच आहे.

आधी माझं सांगते म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकतेय असं वाटायला नको. मीही मराठी मीडियमची, इंजिनिअरिंगला गेले तेव्हा आमच्याकडे 'जीटी मारणे' हा प्रकार जोरात होता. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. ड्रॉइंगची शीट काढायची वेळ आली की खाली बल्ब, वर काच, काचेवर दुसऱ्याची पूर्ण झालेली शीट आणि त्यावर आपली कोरी, रेघा आरपार दिसतात, गिरवत जायचं. सकाळी सबमिशन. शीट इतकी सुंदर यायची की मास्तर खूश. आणि गिरवताना खरंच वाटायचं की हां, हा टॉप व्ह्यू, ही हिडन लाइन, कळतंय की आपल्याला. मी मॅथ्सच्या असाइनमेंटचीही तीच जीटी मारायचे, बल्बशिवाय, रूममेटच्या वहीवरून. मग एम-टूच्या, म्हणजे मॅथ्सच्या दुसऱ्या पेपरात पहिला प्रश्न वाचला, ओळखीचा होता, अगदी कुठल्या पानावर डाव्या बाजूला होता तेही आठवत होतं, आणि सुरुवात कुठून करायची ते सुचेना. केटी लागली, म्हणजे विषय राहिला. घरी सांगताना पेपर अवघड होता म्हणाले. नव्हता.

तर दुसऱ्याने सोडवलेलं वाचताना जे 'कळतं', ते एवढंच की तिसऱ्या ओळीवरून चौथी ओळ कशी आली. पण तिसऱ्या ओळीनंतर हीच ओळ का, दुसरी का नाही, मुळात पहिली ओळ कुणाला आणि कशी सुचली, हे त्या कागदावर लिहिलेलंच नसतं. दादाच्या डोक्यात ते एका सेकंदात होऊन जातं, तो लिहीत नाही, आणि पेपर विचारतो नेमकं तेच. तुझे २५ पैकी ८ मला त्यामुळे तुझ्या हुशारीचे वाटत नाहीत. तू ज्याची प्रॅक्टिस केलीस (वाचायची) ती परीक्षा झालीच नाही, दुसरीच झाली.

आता एक उदाहरण घेऊ, कारण असं हवेत बोलून उपयोग नाही. शिडीचं गणित तुला माहीत असेल, ॲप्लिकेशन्स ऑफ डेरिव्हेटिव्ह्जमध्ये असतंच. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलीय, खालचं टोक भिंतीपासून दूर सरकतंय, सेकंदाला दीड मीटरने. खालचं टोक भिंतीपासून ४ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? माझ्याकडे संध्याकाळी डाऊट घेऊन येणारी निम्मी पोरं हे असं करतात: खालच्या टोकाचं भिंतीपासूनचं अंतर एक्स, वरच्या टोकाची उंची वाय, म्हणून एक्स स्क्वेअर प्लस वाय स्क्वेअर बरोबर २५, एक्स दिलाय ४, टाकला, मग १६ प्लस वाय स्क्वेअर बरोबर २५, आता डिफरन्शिएट करू, १६ चं शून्य, २५ चं शून्य, उरलं टू वाय डीवाय बाय डीटी बरोबर शून्य. म्हणजे वरचं टोक हलतच नाही! खालचं सरकतंय आणि वरचं जागच्या जागी, शिडी काय रबराची आहे?

इथे दादाला फोटो पाठवला की तो बरोबर उत्तर पाठवणार: आधी डिफरन्शिएट, मग किमती, ४ गुणिले दीड प्लस ३ गुणिले डीवाय बाय डीटी बरोबर शून्य, म्हणून उणे २, म्हणजे सेकंदाला २ मीटरने खाली. तू वाचणार, 'हां कळलं', वहीत उतरवणार. आणि पुढच्या वेळी पाण्याच्या टाकीचं गणित आलं की परत उंची आधी टाकणार. कारण तुझी चूक कुठली होती हे दादाला माहीतच नव्हतं, तू त्याला ती दाखवलीच नाहीस, तू दाखवलास पुस्तकातला प्रश्न. चूक अशी होती की एक्सला ४ टाकला त्या क्षणी तू शिडीचा फोटो काढलास, आणि फोटोत कुणी हलत नाही. आधी सगळं चालू असू दे, डेरिव्हेटिव्ह घे, आणि मग फोटो काढ. हे एकदा कुणी तुझ्याच ओळीवर बोट ठेवून सांगितलं ना, की टाकी, फुगा, सावली, दिव्याचा खांब, सगळी एका जातीची गणितं आहेत हे आपोआप दिसायला लागतं.

म्हणून मदत घ्यावी की नाही यावर माझ्या मनात काहीच गोंधळ नाही. घ्यावी, भरपूर घ्यावी. तुझ्या पत्रात एक गृहीत धरलेलं आहे की हुशार मुलांना विचारावं लागत नाही. हे तुला कुणी सांगितलं? कुठल्याही बऱ्या कॉलेजच्या होस्टेलला जा, परीक्षेच्या आधी सगळ्यात जास्त कोण विचारत असतं तर वर्गातली पहिली पाच पोरं. ती विचारतात पण त्यांचा प्रश्न वेगळा असतो. 'हे सोडव ना' असं ती म्हणत नाहीत, 'इथून इथे मला मायनस आलं, तुला प्लस कसं आलं' असं भांडत असतात.

केटी लागल्यावर माझं जे काही सुधारलं ते एका सीनियर ताईमुळे, आणि तिने मला एकही गणित सोडवून दिलं नाही. मी वही घेऊन गेले की ती विचारायची, कुठे अडलीस? मी म्हणायचे, येतच नाही. ती म्हणायची, तसं नसतं, कुठल्या ओळीला अडलीस ते सांग, आणि मला परत पाठवायची. राग यायचा मला. पण ती ओळ शोधायला बसलं की दहातली चार-पाच गणितं तिथेच सुटायची आणि तिच्याकडे जायची गरज उरायची नाही.

तर तू आता असं कर. फोटो काढण्याआधी वीस मिनिटं, घड्याळ लावून. आकृती काढ, वाईट आली तरी चालेल. काय दिलंय ते युनिटसकट लिही, काय विचारलंय ते लिही. मग जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जा, आणि पेन थांबलं की त्याच्याखाली मराठीत एक वाक्य लिही, मी इथे थांबले कारण अमुक. कारण सुचत नसेल तर दोन रस्ते लिही, यातला कुठला घ्यायचा कळत नाही. आणि मग पानाचा फोटो काढ, तुझ्या पानाचा, पुस्तकाच्या नाही. दादाला 'दादा हे सांग ना अर्जंट' असं पाठवण्याऐवजी 'दादा, शिडीच्या गणितात डीवाय बाय डीटी शून्य येतंय, मी एक्सची किंमत आधी टाकली म्हणून का?' असं पाठवून बघ. दिवसभर कंपनीत राबून आलेल्या माणसाला पहिला मेसेज म्हणजे अर्धा तास, दुसऱ्याचं उत्तर तो जेवता जेवता व्हॉइस नोटवर देईल. 'हो, आधी डिफरन्शिएट कर'. झालं.

दादा वैतागलाय असं तू लिहिलंयस त्यात मला त्याचा फार दोष दिसत नाही, तुझाही नाही. समजावून सांगण्यापेक्षा सोडवून पाठवणं त्याला सोपं पडतं आणि तुला समजून घेण्यापेक्षा उतरवणं सोपं पडतं, दोघांचं चाललं होतं बरं. त्याला सरळ फोन कर आणि सांग की रोज नको, रविवारी अर्धा तास व्हिडिओ कॉल, मी आठवड्याच्या अडलेल्या ओळी घेऊन बसते, तू फक्त पुढची एक ओळ सांगायची, पूर्ण सोडवायचं नाही. त्याला बरंच वाटेल बघ.

उत्तर मिळाल्यावरचं काम लोक विसरतात. फोन बाजूला ठेव, शक्यतो दुसऱ्या खोलीत, आणि कोऱ्या कागदावर तेच गणित पहिल्यापासून सोडव. अडलं तर परत बघ, पण मग परत कोरा कागद. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा. हे कंटाळवाणं आहे हे मला मान्य आहे आणि यामुळे दहाऐवजी चारच गणितं होतील हेही मान्य आहे. चार होऊ देत. जीटी मारलेल्या चाळीसपेक्षा ती चार पेपरात कामाला येतात.

आता ॲपचं. मैत्रीण चीटिंग म्हणते, मी तो शब्द इथे वापरणार नाही, कारण होमवर्कात तू कुणाला फसवतेयस? सरांनी स्वतः करायला दिलेलं ॲपकडून करून स्वतःचं म्हणून दिलंस तर ते खोटंच आहे, पण जास्त नुकसान तुझं आहे एवढंच. ॲप वाईट नाही, ते दादासारखंच आहे, फक्त कधी वैतागत नाही, आणि तीच त्याची पंचाईत आहे. दादा दोन दिवस मेसेज बघत नाही तेव्हा तू निदान नाइलाजाने त्या गणिताकडे बघत तरी बसतेस.

ॲपला काम वेगळं दे. तुझं पान दाखव आणि सांग, उत्तर देऊ नकोस, माझी चूक कितव्या ओळीत आहे तेवढंच सांग. मराठीत विचारलं तरी चालतं. आणि ते जे सांगेल ते तपासल्याशिवाय घ्यायचं नाही, कारण ही ॲप्स चुकतात, आणि चुकताना आवाज तेवढाच ठाम असतो. कॅल्क्युलसमध्ये तपासणं फार सोपं आहे गं, इंटिग्रेशनचं उत्तर आलं की ते डिफरन्शिएट कर, मूळ फंक्शन परत आलं तर बरोबर. फिजिक्समध्ये आधी युनिट बघ, मग उत्तर जगात बसतं का बघ, सायकलचा वेग सेकंदाला ३०० मीटर आला तर ते विमान आहे.

आणि याच्या उलटही होतं, तेही सांगून ठेवते, कारण यावरून पोरी रडलेल्या मी पाहिल्यात. साइन एक्स कॉस एक्सचं इंटिग्रेशन घे. तू साइन एक्सला टी धरलंस तर उत्तर येतं साइन स्क्वेअर एक्स बाय टू प्लस सी. पुस्तकात मागे दिलेलं असतं उणे कॉस टू एक्स बाय फोर प्लस सी. ॲप तिसरंच देतं, उणे कॉस स्क्वेअर एक्स बाय टू प्लस सी. मग वाटतं आपलं चुकलं, खोडून पुस्तकासारखं करायला जातो आणि बरोबर आलेलं बिघडवतो. तिन्ही बरोबर आहेत! त्यांच्यात फरक फक्त एका स्थिर संख्येचा आहे, आणि तो त्या सीच्या पोटात जातो. प्लस सी लिहिलं नाही म्हणून सर मार्क कापतात तेव्हा आपल्याला वाटतं हा काय खडूसपणा, पण सी नसता तर ही तीन उत्तरं एकमेकांशी भांडत बसली असती.

इंग्लिशबद्दल तू पत्रात एक अर्धं वाक्य लिहून पुढे गेलीस, मला मात्र तो मोठा मुद्दा वाटतो. तुझं गणित कच्चं आहे असं तू म्हणतेस, माझा अंदाज आहे की बऱ्याच ठिकाणी तुझं वाचन अडतंय. फिजिक्सच्या प्रश्नांचं इंग्लिश हे साधं इंग्लिश नाहीच, ती कोड भाषा आहे, इंग्लिश मीडियमच्या पोरांनाही ती शिकावी लागते. 'स्मूद' म्हटलं की घर्षण शून्य धर. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे दोरीचं वस्तुमान धरायचं नाही. 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, हा आकडा त्यांनी शब्दात दिलाय आणि आपण म्हणतो यू दिलाच नाही. 'जस्ट बिगिन्स टू स्लाइड' म्हणजे घर्षण त्याच्या कमाल मर्यादेला पोचलंय. 'रेट' दिसलं आणि मागे-पुढे वेळ असेल तर डीटी येणार. आणि शिडीच्या गणितातलं ते 'व्हेन', म्हणजे '४ मीटरवर असताना', ते वाक्यात आधी आलं तरी वापरायचं शेवटी. वहीच्या मागच्या पानावर अशी यादी कर, तुझ्या मराठीत, वीस-पंचवीस शब्दांत बरंचसं भागतं.

प्रश्न मनात मराठीत आणायची लाज तर अजिबात नको. त्वरण, विस्थापन, संवेग, जडत्व हे शब्द तुला नववी-दहावीपासून येतातच, त्यांना फक्त इंग्लिश नाव जोडायचंय. उलट काही ठिकाणी आपला शब्द जास्त बोलका आहे. 'इन्स्टंटेनियस व्हेलॉसिटी' म्हणताना जीभ अडखळते, 'तात्कालिक वेग' म्हटलं की त्या क्षणापुरता वेग हे शब्दातच आलं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ग्रहांसाठी 'तात्कालिक गती' असंच म्हटलंय, तेव्हा शब्द काही आजचा नाही.

अजून एक गोष्ट, जी तुझ्या बाबतीत अकरावीलाच घडली असणार. बालभारतीच्या २०१९ पासूनच्या अकरावीच्या पुस्तकांत बघ, फिजिक्सच्या दुसऱ्याच धड्यात व्हेक्टर आणि कॅल्क्युलसची तोंडओळख उरकलेली आहे, कारण तिसऱ्यापासून ते लागतं. आणि मॅथ्समध्ये डिफरन्सिएशन येतं पार्ट टूच्या शेवटच्या, नवव्या धड्यात, तेही बऱ्याच कॉलेजात पोर्शन आटपायच्या घाईत. म्हणजे फिजिक्सचे सर डीव्ही बाय डीटी लिहून पुढे जातात तेव्हा मॅथ्सच्या सरांनी डी हा शब्दही उच्चारलेला नसतो. त्या मधल्या काळात वर्गातल्या निम्म्या पोरांना वाटतं की मला फिजिक्स जमत नाही. मग बारावीला मॅथ्स पार्ट टूच्या आठ धड्यांपैकी पहिले सहा धडे कॅल्क्युलसचेच. तुझा पाया तिथे राहिला असेल तर अकरावीचे लिमिट्स आणि डिफरन्सिएशन हे दोन धडे दोन रविवार देऊन परत काढ, त्यात कमीपणा काही नाही.

आणि चुकांची एक वही कर. उत्तरांची नको, चुकांची. दर चुकीपुढे लिही: चिन्ह चुकलं, बीजगणित चुकलं, त्रिकोणमितीचं सूत्र विसरले, की मुळात कल्पनाच कळली नव्हती. महिन्याभराने मोज. माझा अनुभव असा की 'कॅल्क्युलस येत नाही' म्हणणाऱ्यांच्या वहीत खऱ्या कॅल्क्युलसच्या चुका थोड्या निघतात, बाकी सगळा कंस सोडवणं, अपूर्णांक आणि साइन-कॉसचा घोळ. म्हणजे दुखणं आठवी-नववीचं आणि औषध चाललंय बारावीचं. तुझं काय निघतं ते तुझी वही सांगेल, मी इथून नाही सांगू शकत.

कॉलेजच्या सरांना विचारलंस का कधी? पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. मला माहितीये, काही ठिकाणी वर्ग नावालाच भरतात, काही सर 'एवढं पण येत नाही का' म्हणतात, तसे असतील तर सोडून दे. पण तालुक्याच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये असे बरेच सर-मॅडम बसलेले असतात ज्यांच्याकडे प्रॅक्टिकलच्या सहीशिवाय कुणी फिरकत नाही. तिथे एक मुलगी स्वतः अर्धं सोडवलेलं पान घेऊन गेली आणि म्हणाली सर ही ओळ बघता का, तर बहुतेक माणूस खुर्ची पुढे ओढतो. एकदा जाऊन बघ. मैत्रिणीलाही ने, तीच जी चीटिंग म्हणाली ती, मला आवडली ती. दोघींनी आठवड्यातून दोनदा बसून एकमेकींना तोंडी समजावा. समजावताना जिथे 'ते असंच असतं गं' असं तोंडातून निघेल तिथे खूण करा, ते दोघींना आलेलं नाही.

फुकटात चांगल्या गोष्टीही पुष्कळ आहेत, पण त्यांची मोठी यादी देत नाही कारण मग माणूस लिंक गोळा करत बसतो. खान अकॅडमीवर कॅल्क्युलस पहिल्यापासून आहे, इंग्लिश संथ आहे, थांबवून ऐकता येतं. आणि कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट नावाच्या साइटवर फिजिक्सची हलणारी चित्रं आहेत, त्यातली बरीच मराठीतही आहेत, तोफेचा कोन बदलून गोळा कुठे पडतो ते स्वतः करून बघ, फोनवर चालतं. एवढं पुरे.

लातूरच्या क्लासचं म्हणशील तर मी क्लासच्या विरोधात नाही, चांगल्या क्लासमुळे रोजची शिस्त लागते, टेस्ट होतात, बरोबरीची पोरं भेटतात. पण बारावी अर्धी झाल्यावर पप्पांनी उसने पैसे काढून तुला पाठवायचं आणि तिथेही तू फळ्यावरचं उतरवून 'कळलं' म्हणायचं, तर त्यात फक्त बल्ब महाग झाला. आधी दीड-दोन महिने वर सांगितलंय तसं करून बघ. चुकांच्या वहीत फरक पडला नाही तर गावातच कुणाकडे एका विषयापुरती शिकवणी बघता येईल, ती परवडेल. पप्पांना हे असंच सांग, तारीख ठरवून सांग, नाहीतर ते काळजीने कुठेतरी पैसे भरून मोकळे होतील.

बायोचं उत्तर छोटं आहे. बायो आवडत असेल, बेडकाच्या आकृत्या काढताना वेळ कसा गेला कळत नसेल, तर खुशाल जा, त्याला मॅथ्समधल्या आठ मार्कांचं कारण कशाला हवं. पण मॅथ्सपासून पळायचं म्हणून जात असशील तर एक लक्षात घे, नीटलाही फिजिक्स असतंच, आणि ही वाचून 'कळलं' म्हणायची सवय तुझ्याबरोबर तिथेही येणार. २५ मार्कांच्या एका टेस्टवर हा निर्णय घेऊ नकोस. बोर्डाचा मॅथ्सचा लेखी पेपर ८० चा असतो, त्यात स्टेपला मार्क आहेत, म्हणजे अर्धं बरोबर सोडवलं तरी पदरात काही पडतं. सीईटीला स्टेप कुणी बघत नाही, पण तिथे चुकलं तर मार्क कापत नाहीत आणि मॅथ्सच्या प्रश्नाला प्रत्येकी २ मार्क आहेत. मॅथ्स टाकून द्यायची घाई करण्यासारखं काही नाही त्यात.

आणि दहावीचे मार्क पाठांतराचे होते म्हणतेस, असतील थोडे, सगळ्यांचेच असतात. पण पाठांतराने ९३ आणणाऱ्या मुलीला रोज टेबलाशी बसायची सवय आहे, ती मला पोरांना लावायला वर्ष-वर्ष जातं. तुला फक्त बसून करायचं काम बदलायचंय.

जाता जाता तुला एक गणित देते, अकरावीचंच आहे, सीईटीलाही या धर्तीचं येतं. २५ मीटर उंच टॉवरवरून दगड सरळ वर फेकला, सेकंदाला २० मीटरने. जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, १० धर. जमिनीवर किती वेळाने पडेल? आमच्याकडे एकाने २५ बरोबर २० टी प्लस ५ टी स्क्वेअर असं लिहून उत्तर आणलं १ सेकंद. मी म्हटलं, अरे नुसता वर जाऊन थांबायलाच त्याला २ सेकंद लागतात, १ सेकंदात खाली कसा येईल? त्याने वरची दिशा आणि खालची दिशा दोन्हीला प्लस धरलं होतं, म्हणजे त्याने दगड वर फेकलाच नाही, खाली फेकला. वरची दिशा प्लस धरली की डावीकडे उणे २५ येतात, उजवीकडे २० टी वजा ५ टी स्क्वेअर, आणि सोडवल्यावर टी बरोबर ५ किंवा उणे १.

५ सेकंद हे उत्तर. उणे १ आपण सगळे 'वेळ उणे नसते' म्हणून खोडून टाकतो, पुस्तकंही तेच शिकवतात. तू खोडू नकोस. तो उणे १ सेकंद कशाचा आहे, आणि त्या वेळी दगड कुठे आणि किती वेगात असता, हे शोध. एवढीच हिंट देते की समीकरणाला टॉवर दिसत नाही, त्याला फक्त दगड दिसतो. वीस मिनिटं लाव घड्याळात, आकृती काढ. नाहीच आलं तर जिथे अडलीस ती ओळ लिहून दादाला पाठव, आणि मला कळव त्याला तरी आलं का ते.